रायफलीच्या पोलादावरील झिलई

कोलकात्याच्या एस्प्लनेड चौकातून उत्तरेस, जुन्या डलहौसी चौकाच्या दिशेने जाणारा रस्ता पूर्वी ओल्ड कोर्ट हाउस स्ट्रीट या नावाने ओळखला जाई. आज त्याचे नाव हेमंत बसू सरणी असे आहे. ब्रिटिश अमदानीत मँटन आणि कंपनीसारखे बंदुकांचे नामांकित व्यापारी याच रस्त्यावर होते. पुढे, १९०४ मध्ये, शहराच्या उत्तरेस इशापूर येथे सरकारी रायफल कारखाना स्थापन झाला. लष्करी .३०३ काडतूस नागरिकांस वर्ज्य असल्याने तेथे कालांतराने .३१५ मापाची शिकारी रायफल तयार होऊ लागली. रायफल विलायती असो वा देशी, हुगळीकाठच्या दमट हवेत तिचा पहिला शत्रू एकच, तो म्हणजे गंज.

रायफलीच्या नळीवर दिसणारी निळसर काळी छटा हा रंगाचा लेप नव्हे. ते लोहाचेच एक ऑक्साइड असून त्यास मॅग्नेटाइट म्हणतात. तांबडा गंज सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्याचे पोपडे सुटतात आणि खालील पोलाद पुन्हा उघडे पडते. काळे ऑक्साइड मात्र धातूला घट्ट चिकटून राहते. त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाच असल्याने तो एकट्याने गंज थोपवू शकत नाही. परंतु तो तेल धरून ठेवतो, आणि खरे संरक्षण त्या तेलामुळे लाभते.

कारखान्यात ही झिलई बहुधा जलद पद्धतीने देतात. कास्टिक सोडा व सोडियम नायट्रेट यांसारख्या क्षारांचे तीव्र द्रावण सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात सुटे भाग बुडविले, की अर्ध्या तासाच्या आत ते काळे होतात. मोठ्या उत्पादनास ही रीत सोयीची आहे. परंतु दुनळी बंदुकीच्या नळ्या डाखाने जोडलेल्या असतात आणि हे द्रावण डाख खाऊन टाकते. म्हणून तेथे ती चालत नाही.

जुनी रीत संथ आहे. धातूवरील तेलाचा अंश पूर्णपणे काढून त्यावर सौम्य आम्लयुक्त द्रावणाचा पातळ हात देतात. नळीची दोन्ही तोंडे लाकडी गुट्ट्यांनी बंद केलेली असतात. मग ती नळी दमट पेटीत काही तास ठेवली, की तिच्यावर बारीक तांबडा गंज चढतो. ती स्वच्छ पाण्यात उकळताच तो गंज काळा होतो. सुटलेली भुकटी मऊ तारेच्या ब्रशाने झाडून टाकतात व हाच क्रम सहा ते दहा वेळा करतात. अशा रीतीने, जी दमट हवा पोलादाचा नाश करते, तीच येथे कारागिराच्या कामी येते.

तथापि झिलईचा दर्जा द्रावणापेक्षा त्याआधीच्या घासण्यावर अधिक अवलंबून असतो. थर अत्यंत पातळ असल्याने तो एकही ओरखडा झाकत नाही. कारखान्यात वेळेची काटकसर होते, म्हणून यंत्राच्या खुणा राहून जातात. कुशल कारागीर सपाट ठोकळ्यावर एमरी कागद गुंडाळून, जाड्या दाण्याकडून बारीक दाण्याकडे जात, हाताने घासतो. फिरत्या चाकावर काम लवकर होते. पण कडा गोल होतात, स्क्रूची छिद्रे पसरतात आणि अक्षरे पुसट होतात.

अक्षरांचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे हा गुन्हा आहे. शिवाय शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय परवान्याखेरीज करता येत नाही. अंकांभोवतीचा भाग कारागीर सर्वांत जपून घासतो, तो यासाठीच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा काळ मागे पडला. परंतु वारशाने आलेली रायफल परवान्यासह जपणारी कुटुंबे आहेत. हौसेपोटी तिला आरशासारखी चमक आणू पाहणारा कधी कधी तिची ओळखच घासून टाकतो. चांगली झिलई मूळ कडा आणि अक्षरे राखते, आणि पावसाळ्यात तेलाचा हात फिरविणारा कोणी असेल, तर ती पुढील पिढीपर्यंत टिकते.