फरशी वाकडी की फोन?

बेडरूममध्ये लाकडी फ्लोअरिंग मी स्वतःच टाकायला घेतलं आणि आठवडाभर आम्ही चौघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. त्यातले दोन दिवस तर फुकट गेले. फोनमधलं लेव्हल ॲप 1 अंश उतार दाखवत होतं, म्हणून लावलेल्या पट्ट्या परत काढल्या. उतार नव्हताच!

हे ॲप ॲक्सेलरोमीटरने गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतं. पण फोनच्या मागचा कॅमेरा वर आलेला असतो, त्यामुळे सपाट जागेवरही फोन तिरका बसतो.

उपाय सोपा आहे. फोन त्याच जागी 180 अंश फिरवून ठेवा. उताराची दिशा फोनबरोबर फिरली तर चूक फोनची. खोलीत त्याच बाजूला राहिली तर उतार खरा.

काम 10 सेकंदांचं आहे. पट्ट्या काढण्याआधी करा, माझ्यासारखं नंतर नको.