फुकट पुस्तक आणि मुक्त पुस्तक

'पासवर्ड दर महिन्याला बदला' हा सल्ला आपण कोठे ना कोठे वाचलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने मात्र २०१७ मध्ये सांगितले, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये. तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा जरूर बदलायला लावावा. कारण सोपे आहे. सक्ती केली की माणसे 'गणपती१' चे 'गणपती२' करतात! छापील पुस्तक मात्र नवी आवृत्ती निघेपर्यंत जुनाच सल्ला देत राहते.

सायबर सुरक्षा शिकवणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांची नेमकी हीच अडचण असते. त्यावरचा एक उपाय म्हणजे मुक्त शैक्षणिक साहित्य. ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीत पुढे आली. येथे 'फुकट' आणि 'मुक्त' यांची गल्लत करू नये. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढेच. मुक्त म्हणजे साहित्य जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, इतर साहित्याशी जोडणे आणि पुन्हा वाटणे यांची परवानगी असते.

एक उदाहरण पाहू या. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात प्रा. वेन्लियांग डू यांनी २००२ मध्ये 'सीड' हा प्रयोगसंच सुरू केला. यात विद्यार्थी आपल्या संगणकातच एक आभासी संगणक चालवतो. त्यात मुद्दाम दोष ठेवलेली आज्ञावली असते. समजा, तिने आठ अक्षरांपुरती जागा राखली आणि वीस अक्षरे आत घेतली. उरलेली बारा शेजारच्या जागेत सांडतात. पुढे कोणती आज्ञा पाळायची याचा पत्ता तेथे असेल, तर हल्लेखोर तो पत्ताच बदलू शकतो. विद्यार्थी हा हल्ला स्वतः करून पाहतो, मग त्यापासून बचाव कसा करायचा हेही शिकतो.

अशा साहित्याबद्दल अध्यापकांना शंकाही असतात. ते तपासून आपल्या वर्गाला बेतायला वेळ लागतो. प्रणाली बदलली की जुना प्रयोग चालत नाही. सोडवलेली उत्तरे विद्यार्थ्यांच्या हाती पडतात. आणि मोठा प्रश्न म्हणजे, आपण चोरीच तर शिकवत नाही ना?

या शेवटच्या शंकेचे उत्तर जुने आहे. ऑग्युस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला कळली तरी चालले पाहिजे; गुप्त राहावी ती किल्ली. मात्र प्रयोग आभासी संगणकाबाहेर करायचा नाही, ही शिस्त अध्यापकानेच लावायची असते. बाकीच्या शंका खऱ्या आहेत. बदलण्याची परवानगी मिळाली, तरी बदल कोणी तरी करावाच लागतो, आणि या कामासाठी अध्यापकाला वेळ मिळायला हवा.

वर्गात एवढे करून पाहा. आपल्या पुस्तकातील पासवर्डचे नियम फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे 'का?' असे विचारा. ज्याचे उत्तर मिळणार नाही, तो नियम दुरुस्तीला आला आहे की काय, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.