पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना (१८७२) : प्रातिनिधिकतेचा प्रश्न

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगो शहरालगतच्या पार्टिक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड या शेजारी देशांच्या संघांत झालेला सामना हा जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना मानला जातो. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. क्रीडाविषयक ग्रंथांतून या सामन्याचा उल्लेख वारंवार येतो. परंतु बहुधा तो दिनांक आणि निकाल एवढ्यापुरताच मर्यादित असतो. वस्तुतः या सामन्याशी निगडित असलेला एक प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारा आहे. तत्पूर्वीच्या अडीच-तीन वर्षांत इंग्लंड आणि स्कॉटलंड या नावांनीच पाच सामने लंडनमध्ये झाले होते. त्यांना अधिकृत दर्जा नाही, कारण त्यांतील स्कॉटिश संघ खऱ्या अर्थाने प्रातिनिधिक नव्हता, असे सांगितले जाते. मात्र १८७२ च्या सामन्यातील स्कॉटलंडचे अकराही खेळाडू एकाच क्लबचे होते आणि स्कॉटलंडमध्ये त्या वेळी फुटबॉलची राष्ट्रीय संघटनाच अस्तित्वात नव्हती. असे असताना या सामन्याला जे स्थान मिळाले, ते कशाच्या आधारावर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओव्हलवरील पाच सामने

इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशनची स्थापना १८६३ मध्ये लंडन येथे झाली. १८७० मध्ये चार्ल्स ऑलकॉक हे तिचे सचिव झाले. कल्पक आणि धडाडीच्या या गृहस्थांनी त्याच वर्षी ५ मार्च रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड असा सामना घडवून आणला. फेब्रुवारी १८७२ पर्यंत असे पाच सामने झाले. त्यांपैकी तीन इंग्लंडने जिंकले आणि दोन बरोबरीत सुटले. स्कॉटलंडच्या बाजूने खेळणारे बहुतेक सर्व लंडनवासी होते. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे पुत्र आणि संसद सदस्य विल्यम हेन्री ग्लॅडस्टन हेही त्यांत होते. स्कॉटिशपणाची कसोटी फारशी कठोर नव्हती. जन्म नसला तर पूर्वजांचा आधार पुरे होत असे.

हा आक्षेप ऑलकॉक यांनाही मान्य असावा. कारण १८७० मध्ये त्यांनी ग्लासगो हेराल्ड या वृत्तपत्रातून स्कॉटलंडमधील खेळाडूंना जाहीर आवाहन केले होते. त्याला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. असोसिएशनच्या नियमांनुसार खेळणारे क्लब स्कॉटलंडमध्ये अत्यल्प होते. उलट, तेथील रग्बीप्रेमींनीच त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये इंग्लंडला प्रतिआव्हान दिले आणि २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरा येथील रेबर्न प्लेस मैदानावर, प्रत्येक बाजूस वीस खेळाडू असलेला रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना होऊन तो स्कॉटलंडने जिंकला. 'फुटबॉल' या शब्दाचा अर्थ त्या काळी अद्याप निश्चित व्हावयाचा होता. तो स्कॉटलंडमध्ये रग्बी असा रूढ होण्याची शक्यता आता स्पष्ट दिसू लागली. ३ ऑक्टोबर १८७२ च्या बैठकीत असोसिएशनने ग्लासगोला संघ पाठविण्याचे ठरविले, तेव्हा स्कॉटलंडमध्ये असोसिएशनचे हितसंवर्धन व्हावे, हाच हेतू नोंदविला गेला. पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यामागील प्रेरणा राष्ट्राभिमानाची कमी आणि नियमप्रसाराची अधिक होती.

एका क्लबचे राष्ट्र

हे आव्हान स्वीकारणारी संस्था म्हणजे ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब स्कॉटलंडमध्ये अग्रगण्य होताच, शिवाय तो लंडनच्या असोसिएशनचा सभासदही होता. पहिल्या एफ. ए. कपसाठी त्याने एक गिनी वर्गणी दिली होती. मार्च १८७२ मध्ये त्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत त्याने बलाढ्य वाँडरर्स संघाला लंडनमध्ये बरोबरीत रोखले. परंतु फेरसामन्यासाठी तेथे राहण्याचा खर्च न परवडल्याने त्याला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली.

राष्ट्रीय संघटनेच्या अभावी या क्लबनेच मैदान भाड्याने घेणे, तिकिटे, संघनिवड इत्यादी सर्व जबाबदारी उचलली. कर्णधार आणि गोलरक्षक रॉबर्ट गार्डनर यांनी संघ निवडला. आर्थर किनेर्ड आणि हेन्री रेनी-टेल्युअर हे लंडनमधील दोन नामांकित खेळाडू उपलब्ध होऊ न शकल्याने अकराही जागा क्वीन्स पार्कच्या सभासदांनी भरल्या. क्लबचाच गडद निळा रंग स्कॉटलंडचा रंग झाला आणि आजतागायत टिकला. राष्ट्राचे प्रतीक म्हणून आज जे स्वाभाविक वाटते, ते मुळात एका क्लबच्या कपाटातून आले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष सामना

सामना वेस्ट ऑफ स्कॉटलंड क्रिकेट क्लबच्या हॅमिल्टन क्रेसेंट मैदानावर झाला. दिवस स्कॉटलंडचे संरक्षक संत अँड्र्यू यांच्या सणाचा होता. आधीचे काही दिवस पाऊस लागल्याने मैदान जड झाले होते. प्रवेशशुल्क एक शिलिंग, म्हणजे त्याच वर्षीच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्याइतकेच होते. तरीही सुमारे चार हजार प्रेक्षक जमले आणि त्यांत स्त्रियाही होत्या. खेळ नियोजित वेळेपेक्षा काहीसा उशिरा, दुपारी सव्वादोनच्या सुमारास सुरू झाला. इंग्लंडचे नेतृत्व ऑक्सफर्ड विद्यापीठाचे कथबर्ट ऑटवे यांच्याकडे होते. दुखापतीमुळे ऑलकॉक यांना खेळता आले नाही. ज्यांच्या खटपटीतून हे सर्व घडले, ते पंच म्हणून मैदानाच्या कडेला उभे होते.

आजच्या वाचकाला हा खेळ बराच अपरिचित वाटला असता. गोलखांबांवर आडवा दांडा नव्हता, फीत बांधलेली असे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट लेकी यांनी मारलेला एक फटका या फितीवर आदळला आणि गोल थोडक्यात हुकला. दोन्ही संघांनी खेळ चालू असताना गोलरक्षक बदलले. सामन्याचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. छायाचित्रकार आला होता, पण खेळाडू प्रती विकत घेण्याची हमी देईनात, म्हणून तो परत गेला. 'द ग्राफिक' या साप्ताहिकात विल्यम रॅल्स्टन यांची रेखाचित्रे प्रसिद्ध झाली, त्यांवरच आपली दृश्य कल्पना आधारलेली आहे.

खेळण्याच्या दोन पद्धती

इंग्लंडच्या संघात बहुतांश खेळाडू आघाडीला होते. चेंडू पायाशी ठेवून एकट्याने प्रतिपक्षात घुसावयाचे आणि सहकाऱ्यांनी पाठोपाठ धावून निसटलेला चेंडू ताब्यात घ्यावयाचा, अशी ही पद्धती होती. इंग्लंडमधील श्रीमंत वर्गाच्या निवासी शाळांत ती घडली होती. अंगाने थोराड असलेल्या इंग्रज खेळाडूंना ती सोयीची होती. स्कॉटलंडने मागे अधिक खेळाडू ठेवले. समकालीन वृत्तांतांत स्कॉटिश खेळाडूंच्या परस्पर सहकार्याचा उल्लेख येतो. यावरून पासवर आधारित आधुनिक फुटबॉल त्या दिवशी जन्मास आला, असे विधान अनेकदा केले जाते, ते मात्र अतिरंजित आहे. शेफील्डचे क्लब आणि रॉयल इंजिनिअर्सचा लष्करी संघ हेही त्या काळी सांघिक खेळासाठी ओळखले जात. शिवाय चिखलमय मैदानावरील गोलशून्य सामन्यातून एवढा मोठा निष्कर्ष काढणे युक्त नव्हे.

तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. स्कॉटिश संघाची जी उणीव, तेच त्याचे बळ ठरले. नित्य एकत्र सराव करणाऱ्या अकरा जणांत जो मेळ असतो, तो नऊ वेगवेगळ्या क्लबांतून वेचलेल्या इंग्लंडच्या संघात येणे अवघड होते. त्यात वर्गभेदाची भर पडली. शेफील्डचे चार्ल्स क्लेग हे पुढे अनेक वर्षे इंग्लंडच्या असोसिएशनचे अध्यक्ष होते. या सामन्यातील काही सहकारी शेफील्डच्या माणसाला तुच्छ लेखत असत, अशी आठवण त्यांनी नंतर सांगितली. प्रातिनिधिक असलेला संघ एकसंध नव्हता आणि एकसंध असलेला संघ प्रातिनिधिक नव्हता.

अधिकृततेचा आधार

मग अधिकृततेचा निकष कोणता? प्रादेशिक प्रतिनिधित्व हा नव्हे, हे उघड आहे. निर्णायक फरक निवडीच्या अधिकाराचा होता. ओव्हलवर स्कॉटलंडचा संघ कोणी व्हावे, हे लंडनमध्ये ठरत होते. पार्टिकमध्ये ते स्कॉटलंडमध्येच ठरले. दुसरा फरक स्थळाचा. प्रेक्षकांनी शिलिंग मोजून ज्या संघाला आपला म्हटले, तो संघ त्यांच्या भूमीवर उभा होता. संघटना नव्हती हे खरे. परंतु संघटनेने सामना घडविला नसून सामन्याने संघटना घडविली, असा येथील क्रम आहे. १३ मार्च १८७३ रोजी आठ क्लबांच्या सहभागाने स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली.

त्यापूर्वी पाचच दिवस, ८ मार्च रोजी, ओव्हलवर परतीचा सामना होऊन इंग्लंडने तो ४-२ असा जिंकला होता. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील पहिला अधिकृत गोल या सामन्यात इंग्लंडच्या विल्यम केन्यन-स्लेनी यांनी केला. त्यांचा जन्म १८४७ मध्ये राजकोट येथे झाला होता. स्कॉटलंडचा पहिला गोल करणारे रेनी-टेल्युअर यांचे जन्मस्थान मसुरी. शेजारी राष्ट्रांच्या या लढतीत दोन्ही बाजूंचे पहिले गोल हिंदुस्थानात जन्मलेल्यांच्या नावावर आहेत. जन्मभूमी हा निकष लावला असता तर दोघेही बाद ठरले असते. १८८१ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचा ६-१ असा पराभव करणाऱ्या स्कॉटलंडचे कर्णधार अँड्र्यू वॉटसन हे ब्रिटिश गियानात जन्मलेले कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि तेही क्वीन्स पार्कचेच.

१८७४ ते १८८७ या काळात उभय संघांत झालेल्या चौदा सामन्यांपैकी इंग्लंडला केवळ १८७९ चा एक जिंकता आला. या वर्चस्वामुळे स्कॉटिश खेळाडूंना इंग्लंडच्या क्लबांतून मागणी येऊ लागली आणि १८८५ मध्ये इंग्लंडच्या असोसिएशनने व्यावसायिकतेस मान्यता दिली, त्यामागे हे एक कारण होते. दोन्ही देशांच्या नियमांतील तफावत दूर करण्यासाठी झालेल्या प्रयत्नांतून १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियममंडळ अस्तित्वात आले. आजही फुटबॉलचे नियम तेच ठरविते.

ऑलकॉक यांना अधिकृत सामना खेळण्याची संधी १८७५ मध्ये मिळाली. ओव्हलवरील त्या २-२ बरोबरीत इंग्लंडचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते आणि एक गोलही त्यांचा होता. अधिकृत नोंदीत त्यांच्या नावावर तेवढा एकच सामना आहे. १८७० पासून त्यांनी खेळलेले आणि खेळविलेले सामने तीत धरलेले नाहीत.