सेरेनेड
पाश्चात्त्य संगीतातील एक रचनाप्रकार. ‘सेरेनो’ (निरभ्र, शांत) या इटालियन शब्दापासून ही संज्ञा आली. ‘सेरा’ (सायंकाळ) या शब्दाशी असलेल्या साम्यामुळे तिला सायंसंगीताचा अर्थ चिकटला. प्रियकराने रात्री प्रेयसीच्या खिडकीखाली तंतुवाद्याच्या साथीवर गायिलेले गीत, हा तिचा रूढ अर्थ. मोट्सार्टच्या *डोन जोव्हान्नी* (१७८७) या संगीतिकेत नायक मँडोलिनच्या साथीने असेच गीत गातो. अठराव्या शतकात समारंभप्रसंगी, बहुधा उघड्यावर वाजवावयाच्या अनेक भागांच्या वाद्यरचनांनाही हे नाव मिळाले. मोट्सार्टची ‘हाफनर’ सेरेनेड (१७७६) एका विवाहानिमित्त रचलेली आहे. चायकॉव्हस्कीची तंतुवाद्यांसाठी रचलेली सेरेनेड (१८८०) मात्र सभागृहातील मैफलीत रुळली. अशा रीतीने खिडकी आणि मोकळे आकाश दोन्ही सुटली, तरी नाव टिकून राहिले.