‘स्वतंत्र विद्यार्थी’ : अमेरिकेतील निकष

अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणासाठी संघीय अर्थसाहाय्य ठरविताना ‘अवलंबित’ विद्यार्थ्याच्या पालकांचे उत्पन्नही विचारात घेतले जाते. ‘स्वतंत्र’ विद्यार्थ्याच्या बाबतीत ते घेतले जात नाही. मात्र स्वतः कमावणे वा वेगळे राहणे एवढ्यानेच कोणी स्वतंत्र ठरत नाही. वयाची २४ वर्षे, विवाह, पदव्युत्तर शिक्षण, सैन्यसेवा, अनाथपण असे निकष कायद्यानेच निश्चित केले आहेत. पालकांनी खर्च देण्यास नकार दिला तरी विद्यार्थी अवलंबितच राहतो; फार तर व्याज-अनुदानाविना असलेले संघीय कर्ज त्याला मिळू शकते. शिक्षणखर्चाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, हे यामागील तत्त्व होय.

छळ, परित्याग, पालकांचा तुरुंगवास अशा परिस्थितीत महाविद्यालयाचा अर्थसाहाय्य अधिकारी पुरावे तपासून अपवाद करू शकतो. २०२० मध्ये संमत झालेल्या सुधारणा कायद्यानुसार २०२४-२५ या वर्षापासून अशा विद्यार्थ्याला अर्ज करतानाच तात्पुरता स्वतंत्र दर्जा मिळतो. एकदा मान्य झालेला दर्जा, परिस्थिती न बदलल्यास, त्याच महाविद्यालयात पुढील वर्षीही ग्राह्य धरला जातो. तथापि, घरापासून तुटल्याचे सिद्ध करण्याचा भार अजूनही विद्यार्थ्यावरच आहे.