मनीचे डोळे पुन्हा पुन्हा येतात?

दूधवाला आला की पायांत घोटाळणारी मनी आज कोपऱ्यातून हलत नाही. एक डोळा मिटलेला, कडेला पिवळी चिपडं, आणि पंजानं तोंड पुसणं सारखं चाललेलं. "अगं बाई, गेल्याच महिन्यात तर बरी झाली होती!" असं तुम्ही म्हणता, आणि घरात सल्ल्यांना ऊत येतो. सासूबाई म्हणतात गुलाबपाणी घाला, शेजारच्या काकू म्हणतात मध लावा. मुलगा कपाटातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन येतो. 'हे' वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतात, "द्या सोडून मासळीबाजारात!"

यातलं काहीही करू नका. आधी दुखणं काय आहे ते समजून घ्या. कपाटातली ती बाटली तर मुळीच उघडू नका. त्याचं कारण पुढं येईलच.

बरं झालेलं परत का उलटतं?

मांजरांचे डोळे वारंवार येण्यामागं बहुतेक वेळा मांजरांचा हर्पीस विषाणू असतो. पिल्लाला तो बहुधा आईकडूनच मिळतो. पहिल्या खेपेला शिंका, नाक गळणं, डोळे चिकटणं असं सगळं होतं. आठ-पंधरा दिवसांत पिल्लू खेळायला लागतं आणि आपण विसरून जातो. विषाणू मात्र शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला उतारवयात नागीण उठते ना, तसाच हा प्रकार. त्या विषाणूचं घराणंही हेच.

मांजराच्या जिवाला ताण पडला की हा दडलेला विषाणू डोकं वर काढतो. घर बदललं, रंगकाम काढलं, दिवाळीचे फटाके वाजले, नवीन पिल्लू आणलं, मांजरी व्याली आणि अंगावर पाजू लागली, की साधारण आठवड्याभरानं डोळे पाणावतात. म्हणून पुन्हा डोळे आले तर तुमच्या हयगयीमुळं झालं असं मनाला लावून घेऊ नका. हा आजार समूळ जात नाही, पण त्याचे फेरे कमी करता येतात आणि डोळा वाचवता येतो.

दुसरं कारण क्लॅमिडिया नावाचे जंतू. यात आधी एक डोळा येतो, काही दिवसांनी दुसरा, आणि पापणीच्या आतला भाग लालभडक होऊन फुगतो. याला डॉक्टर बहुधा पोटात घ्यायचं औषध देतात. ते चारेक आठवडे चालतं, आणि घरातल्या सगळ्याच मांजरांना द्यावं लागतं. डोळा चांगला दिसला म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या थांबवल्या, की दुखणं परत आलंच म्हणून समजा.

तुमच्याकडे चपट्या तोंडाचं पर्शियन मांजर असेल, तर निव्वळ चेहऱ्याच्या ठेवणीमुळंही डोळे गळतात. अश्रू वाहून नेणारी नळी तिथं नीट काम करत नाही. काही मांजरांची पापणी आत वळलेली असते आणि तिचे केस बुबुळाला टोचत राहतात. तिथं थेंबांचा उपयोग नाही, छोटी शस्त्रक्रियाच करावी लागते.

कपाटातली बाटली

आपल्या घरात डोळ्यांचे अर्धे वापरलेले थेंब हमखास पडलेले असतात. त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांत जंतुनाशकाबरोबर स्टिरॉइडही मिसळलेलं असतं. लेबलावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं नाव दिसलं, तर ते स्टिरॉइड. ते घातलं की दोन दिवसांत लाली उतरते आणि आपल्याला वाटतं, काय छान गुण आला! पण हर्पीसमुळं बुबुळावर जखम झालेली असेल, तर ती आतल्या आत खोल जाते. डोळ्यात फूल पडतं, कधी बुबुळाला भोक पडून डोळाच काढावा लागतो.

जखम आहे की नाही हे नुसत्या नजरेला कळत नाही. डॉक्टर डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग घालून निळ्या उजेडात बघतात. जखम असली तर ती हिरवी चमकते. काम पाच मिनिटांचं आहे. "रंग घालून बघता का?" असं तुम्ही आपण होऊन विचारायला हरकत नाही.

गुलाबपाणी, मध, हळद, काजळ, बोरिक पावडर यांतलं काहीच मांजराच्या डोळ्यात घालू नये. ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये, मांजराला ते विषासारखं आहे. माणसांच्या नागिणीवरचं व्हॅलासायक्लोव्हिरही मांजराच्या जिवावर बेततं. विषाणूवर मांजराला चालणारं औषध आहे, पण ते डॉक्टरांनी वजन पाहून द्यायचं. लायसिनची पावडर पूर्वी सर्रास देत असत. तिचा उपयोग होत नाही, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात दाखवून दिलं आहे. तेव्हा तो खर्च वाचवा.

घरी काय करावं?

पाणी उकळून कोमट करा. कापसाचा बोळा त्यात भिजवून पिळा आणि चिकटलेल्या पापणीवर मिनिटभर नुसता धरून ठेवा. चिपडं मऊ झाली की नाकाकडून कानाकडे अलगद पुसा. दर पुसण्याला नवा बोळा, आणि एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही.

थेंब घालताना मांजराला समोरून धरू नका. बाटली अंगावर येताना दिसली की ते नखं काढणारच! जुन्या पंच्यात मानेपर्यंत गुंडाळा, पाठ आपल्या पोटाशी येईल असं मांडीवर घ्या, हनुवटी किंचित वर करा आणि मागच्या बाजूनं थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. थेंब आधी, मलम नंतर. झालं की लगेच आवडीचा घास द्या, म्हणजे पुढच्या खेपेला पळापळ कमी होते.

डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती कोरडी गिळवू नका. घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. मागोमाग थोडं पाणी किंवा दोन घास खाऊ घालाच.

नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर ते खात नाही. अन्न जरा कोमट करून द्या. शिंकणाऱ्या मांजराची ताटली आणि अंथरूण वेगळं ठेवा. दुखणं कधी उलटलं आणि त्याआधी घरात काय झालं होतं, हे कालनिर्णयच्या चौकोनात टिपून ठेवा. वर्षभरात तुम्हालाच त्याचा मेळ लागेल.

थांबू नये अशी लक्षणं

डोळा घट्ट मिटलेला, बुबुळावर निळसर-पांढरी झाक किंवा काळा डाग, दोन बाहुल्या लहानमोठ्या, किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गावात मांजरांचा खास डॉक्टर नसला तरी सरकारी गुरांच्या दवाखान्यात नेता येतं. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ठाऊक असेलच.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लस सुरू करा. दर तीन-चार आठवड्यांनी एक, अशी चार महिन्यांचं होईपर्यंत टोचून घ्या आणि पुढच्या डोसाची तारीख विचारून ठेवा. लशीनं विषाणू अडतोच असं नाही, पण दुखणं सौम्य होतं.

राहिला मुलांचा प्रश्न. मांजरांचा हर्पीस माणसाला होत नाही. क्लॅमिडियामुळं क्वचित माणसाचे डोळे येऊ शकतात, म्हणून मनीला हात लावला की साबणानं हात धुवायची सवय मुलांना लावा. एवढ्यासाठी तिला बाजारात सोडण्याची गरज नाही. तिथं तिचा ताण वाढेल, औषध घालायला कुणी नसेल, आणि चार दिवसांत डोळा जाईल. घरात राहिली तर हीच मनी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी डोळे चिकटवून बसेल, आणि तेव्हा काय करायचं हे आता तुम्हाला ठाऊक आहे.