तारा जवळच्या ग्रहाला गिळत नाही

कळमेश्वरला आकाशदर्शनासाठी लोक जमले की हे ठाम विधान हमखास ऐकू येते: ‘ग्रह ताऱ्याच्या फार जवळ गेला की तारा त्याला खेचून गिळतो.’ कितीही समजावा, पुढच्या वेळी पुन्हा तेच. साफ चूक आहे हे.

‘संतमस’चेच पाहा. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नामकरण उपक्रमात एचडी ८६०८१ हा तारा भारताच्या वाट्याला आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या बिभा चौधरी यांच्यावरून ताऱ्याला ‘बिभा’ नाव मिळाले. ग्रहाचे ‘संतमस’ हे नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवले. गुरूपेक्षा जड असलेला हा ग्रह ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या जेमतेम साडेतीन टक्क्यांवर आहे आणि दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळात फेरी पुरी करतो. तो पडत नाही, कारण सेकंदाला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने तो पुढे धावतो. पृथ्वीचा वेग तीस.

जवळ असण्याचा खरा परिणाम वेगळाच. ग्रहाच्या अलीकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडे कमी. या फरकाने ग्रह ताणला जातो. हेच भरतीचे बल. अंतर निम्मे झाले की ते आठपट होते. संतमसच्या जागी पृथ्वी ठेवली, तर आज सूर्यामुळे पडतो त्याच्या वीस हजार पटींहून जास्त ताण तिच्यावर पडेल. असा ताण ग्रहाला लांबट करतो, त्याची कक्षा गोल करत नेतो आणि त्याची एकच बाजू ताऱ्याकडे वळवून ठेवतो. वॅस्प-१०३ बी हा ग्रह रग्बीच्या चेंडूसारखा लांबट असल्याचे २०२२मध्ये युरोपच्या केऑप्स दुर्बिणीने दाखवले.

मग कुठलाच ग्रह ताऱ्यात जात नाही? जातो, पण फार सावकाश. ग्रह ताऱ्यावरही फुगवटा उठवतो. ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे ग्रहाच्या फेरीपेक्षा मंद असेल, तर तो फुगवटा मागे रेंगाळतो आणि कक्षा आकसते. वॅस्प-१२ बीची फेरी दरवर्षी सुमारे तीस मिलिसेकंदांनी लहान होते आहे. त्याच्याकडे अजून तीसेक लाख वर्षे आहेत. उलट पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा जलद फिरते, म्हणून चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातो.

एकच बाजू ताऱ्याकडे असलेला ग्रह स्वतःभोवती फिरत नाही, हेही खोटे. एका फेरीत तो एकदा फिरतो.

भरती फक्त समुद्राला येत नाही. कळमेश्वरची जमीनही रोज वर-खाली होते, कधीकधी वीस-तीस सेंटिमीटर.

शिक्षकांना एकच विनंती: फळ्यावर ग्रह काढाल, तेव्हा त्याच्या दोन बाजूंवरचे ओढीचे बाण वेगवेगळ्या लांबीचे काढा.